१०८ नगांची पेटी, चार वर्षांनंतर

मोटरसायकलची किरकोळ देखभाल घरीच करायची असे ठरवून चार वर्षांपूर्वी मी १०८ नगांचा एक टूल सेट विकत घेतला. प्लॅस्टिकची भक्कम पेटी, आत प्रत्येक वस्तूच्या आकाराची खाच, आणि झाकण उघडताच डोळे दिपवणारा क्रोमचा लखलखाट. गेल्या आठवड्यात ती पेटी रिकामी करून पुसायला घेतली, तेव्हा लक्षात आले की कोणत्या वस्तूला आजवर हात लागला आहे आणि कोणत्या वस्तूवर अजून कारखान्यातले तेल तसेच आहे, हे नुसते बोट फिरवून सांगता येते. मग मी मोजदादच केली. वापरलेल्या वस्तू एकोणीस भरल्या. त्यांतल्याही पाच मी नंतर काढून टाकल्या आणि त्यांच्या जागी सुट्या घेतलेल्या, अधिक चांगल्या वस्तू आणल्या. म्हणजे १०८ पैकी कामाच्या ठरल्या चौदा. हे परीक्षण त्या पेटीचे आहे आणि तिच्यातील उणिवा भरून काढण्यासाठी एकेक करून घरात आलेल्या सुट्या हत्यारांचेही आहे. पेटी बनवणाऱ्या कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण याच धर्तीच्या पेट्या अनेक नावांनी विकल्या जातात आणि त्यांच्यातील दोष थोड्याफार फरकाने तेच असतात.

पेटीवरचा मोठा आकडा कसा तयार होतो, ते आधी पाहू. माझ्या पेटीतील १०८ नगांपैकी ४४ नग निव्वळ बिट होते, म्हणजे स्क्रू ड्रायव्हरच्या दांड्यात बसवायची बोटाच्या पेराएवढी टोके. त्यांत तारेच्या आकाराची, चौकोनी आणि मी आजवर कोणत्याही गाडीवर न पाहिलेल्या आकारांची टोके होती. गोट्या ३४ होत्या (सॉकेटला गॅरेजमध्ये गोटीच म्हणतात), पण त्यांतल्या १३ इंची मापाच्या होत्या आणि माझ्या गाडीवर इंची मापाचा एकही बोल्ट नाही. पाने मात्र सहाच होते: ८, १०, ११, १३, १४ आणि १७. यात १२ नाही, हे मला दुकानात दिसले नाही. पहिल्याच रविवारी हँडलचा क्लॅम्प सैल करायला गेलो तेव्हा दिसले.

या १२ आणि १३ च्या भानगडीमागे एक कारण आहे आणि खरेदीपूर्वी ते ठाऊक असणे फार उपयोगाचे ठरते. बोल्टचे माप दोन प्रकारे सांगतात. एक असते आट्यांच्या व्यासाचे आणि दुसरे असते पाना ज्यावर बसतो त्या षटकोनी डोक्याचे. ६ मिलिमीटर आट्यांच्या बोल्टचे डोके सहसा १० चे असते. छोट्या डोक्याचा फ्लँज बोल्ट (डोक्याखाली चकतीसारखी कड असलेला) असेल तर ८ चे. इथपर्यंत सारे एकमत आहे. पण ८ मिलिमीटर आट्यांच्या बोल्टचे डोके जपानी पद्धतीच्या गाड्यांवर १२ चे असते आणि युरोपीय पद्धतीच्या गाड्यांवर १३ चे. १० मिलिमीटर आट्यांच्या बोल्टचेही तसेच: जपानी गाडीवर १४, तर युरोपीय गाडीवर १६ किंवा १७. माझी गाडी १५० सीसीची, एका सिलिंडरची, जपानी वळणाची. पेटी मात्र युरोपीय मापे डोळ्यांसमोर ठेवून भरलेली होती. वस्तू वाईट नव्हत्या. त्या माझ्या गाडीसाठी नव्हत्या.

म्हणून माझी पहिली शिफारस हत्याराची नसून वहीची आहे. गाडीचे सर्व्हिस मॅन्युअल समोर ठेवावे, एक दुपार गाडीपाशी बसून काढावी आणि ज्या बोल्टला आपण स्वतः हात लावणार आहोत त्याचे डोके मोजून लिहून ठेवावे. त्यासाठी साधा व्हर्नियर कॅलिपर पुरतो. ऑइलचा ड्रेन बोल्ट, मागच्या चाकाचा अक्ष, चेनचे अॅडजस्टर, ब्रेक कॅलिपरचे बोल्ट, बॅटरीची टोके, साइड पॅनेल, आरसे, क्लच केबलचा लॉक नट. माझ्या वहीत एवढ्या सगळ्यासाठी मिळून सात मापे निघाली: ८, १०, १२, १४, १७, १९ आणि २४. अ‍ॅलन कीची (षटकोनी खाचेच्या बोल्टात बसणाऱ्या वाकड्या सळीची) मापे निघाली ४, ५, ६ आणि ८. पुस्तकाची पाने आधी चाळली असती, तर लोखंडाचे पाने निम्म्या खर्चात आले असते.

आता गोट्यांकडे वळतो. गोटीच्या आत पाहिले की एक तर सहा कोन दिसतात किंवा बारा. बारा कोनांची गोटी बोल्टवर चटकन बसते, कारण तिला दर ३० अंशांवर जागा सापडते. सहा कोनांची गोटी दर ६० अंशांवर बसते. दुकानात बारा कोन सोयीचे वाटतात. पण बारा कोनांची गोटी बोल्टच्या कोपऱ्यांच्या अगदी जवळ जोर लावते आणि बोल्ट जुना, गंजका किंवा मऊ धातूचा असेल तर कोपरे सोलवटून निघतात. सहा कोनांची गोटी सपाट बाजूंवर अधिक जागा धरते. चांगल्या कंपन्या गोटीच्या आतील कोपऱ्यांना मुद्दाम बारीक गोलाई देतात, म्हणजे जोर बोल्टच्या कोपऱ्यावर न पडता त्याच्या सपाट अंगावर थोडा आत पडतो. हा फरक उजेडात धरून पाहिला की डोळ्यांनी दिसतो, त्यासाठी कोणाच्या जाहिरातीवर विश्वास ठेवावा लागत नाही.

माझ्या पेटीतल्या मोठ्या गोट्या बारा कोनांच्या होत्या. मागच्या चाकाच्या अक्षाचा २४ चा नट सोडवताना पहिल्या झटक्याला गोटी किंचित वर सरकली, ‘टक्’ असा कोरडा आवाज आला आणि नटाच्या दोन कोपऱ्यांवर चकचकीत, नखाने जाणवेल अशी कड उमटली. मी तेव्हाच थांबायला हवे होते, थांबलो नाही. तिसऱ्या झटक्याला नट इतका गोल झाला की त्यावर ना गोटी बसे ना पाना. शेवटी गॅरेजमध्ये तो नट छिन्नीने कापून काढावा लागला. पुढे सहा कोनांची, खोल भिंतीची २४ ची एकच सुटी गोटी घेतली. तीन वर्षांत ती एकदाही घसरलेली नाही. माझ्याकडच्या सगळ्या हत्यारांत मला सर्वांत समाधान देणारी खरेदी कोणती, असे विचारले तर मी याच गोटीकडे बोट दाखवीन.

रॅचेटच्या, म्हणजे गोटी फिरवायच्या आणि एकाच दिशेने पकडणाऱ्या दांड्याच्या बाबतीत पेटीने निराश केले नाही. गोटी ज्या चौकोनी टोकावर बसते त्याचे तीन आकार सर्रास मिळतात: पाव इंच, ३/८ इंच आणि अर्धा इंच, म्हणजे अनुक्रमे ६.३५, ९.५ आणि १२.७ मिलिमीटर. बोल्ट मिलिमीटरचे असले तरी हे टोक जगभर इंचातच मोजतात. मोटरसायकलच्या बहुतेक कामांना ३/८ पुरतो. अर्ध्या इंचाचा दांडा चाकाच्या नटांसाठी लागतो आणि पाव इंचाचा पॅनेलच्या बोल्टांसाठी बरा पडतो. रॅचेटच्या आत किती दाते आहेत ते मात्र विचारून घ्यावे. २४ दात्यांच्या रॅचेटला पुढचा दाता पकडण्यासाठी १५ अंश फिरावे लागते आणि ७२ दात्यांच्या रॅचेटला ५ अंश. चौकटीची नळी आणि इंजिन यांच्यामधल्या फटीत हात घातल्यावर हे दहा अंश फार मोठे वाटू लागतात. घट्ट बसलेला नट सोडवायला मात्र रॅचेट वापरू नये, त्यासाठी साधा, न फिरणारा दांडा घ्यावा. झटका द्यायचा असेल तर तो दात्यांवर देऊ नये.

पान्यांमध्ये मी शेवटी कॉम्बिनेशन पाने ठेवले आहेत, ज्यांचे एक टोक उघडे आणि दुसरे रिंगचे असते. नियम सोपा आहे: सोडवताना आणि अखेरचे आवळताना रिंग, मधले फेरे फिरवताना उघडे टोक. उघड्या टोकाचा पाना बोल्टच्या दोनच बाजू धरतो आणि स्वस्त पान्याचे जबडे जोर लावला की डोळ्यादेखत फाकतात. गाडीच्या सीटखाली कंपनीने दिलेल्या पान्यांचा अनुभव ज्यांनी घेतला आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. त्या पान्यांचा उपयोग वाटेत अडकल्यावर घरापर्यंत पोहोचण्यापुरता मानावा. पेटीत न मिळालेली आणखी एक गोष्ट म्हणजे टी पाना. १० आणि १२ चा लांब दांड्याचा टी पाना हातात आला की साइड पॅनेल, टाकी आणि सीट यांचे बोल्ट दोन बोटांनी भिरभिर फिरवून निघतात. गॅरेजमध्ये भिंतीवर रॅचेटआधी टी पाने का टांगलेले असतात, हे तेव्हा कळते.

स्क्रू ड्रायव्हरबद्दल जरा सविस्तर लिहावे लागेल, कारण याच एका वस्तूने माझे सर्वांत जास्त स्क्रू खराब केले आहेत आणि दोष बराच काळ मी माझ्या मनगटाला देत होतो. पुढच्या ब्रेकच्या ऑइलची टाकी हँडलवर असते. तिच्या झाकणाला दोन छोटे स्क्रू असतात, मऊ धातूचे, पृष्ठभागाशी सपाट बसलेले आणि वर्षानुवर्षे न उघडलेले. ड्रायव्हर ठेवला, दाब दिला, फिरवला की टोक वर सरकून ‘कर्र’ करून निसटते आणि स्क्रूच्या अधिकच्या खुणेचे रूपांतर वाटीत होते. हातात फिलिप्स जातीचा ड्रायव्हर असेल आणि गाडी जपानी वळणाची असेल, तर असे होण्याची शक्यता पुष्कळ असते. फिलिप्सची अधिकाकार खाच १९३० च्या दशकातली. जपानी मानकाची, म्हणजे जेआयएसची, खाच वरून अगदी तशीच दिसते, पण तिचा तळ आणि कोपऱ्यांची गोलाई वेगळी असते. फिलिप्सचे टोक तिच्यात तळापर्यंत पोहोचत नाही. वरच्या कडांवर टेकून राहते आणि जोर वाढला की चढते. अशा अनेक स्क्रूंच्या डोक्यावर एक बारीक ठिपका कोरलेला असतो. तो दिसला तर फिलिप्स खाली ठेवावा. उलट बाजूने ही अडचण येत नाही, जपानी मापाचा ड्रायव्हर फिलिप्सच्या खाचेत चांगला बसतो.

मी व्हेसल या जपानी कंपनीचे दोन ड्रायव्हर घेतले, क्रमांक २ आणि क्रमांक ३. क्रमांक २ लहान आणि मध्यम स्क्रूंना लागतो, तर क्रमांक ३ हा ६ मिलिमीटर आट्यांच्या जाड स्क्रूंना, जे जुन्या गाड्यांच्या इंजिनाच्या झाकणांवर असतात. जाड स्क्रूमध्ये क्रमांक २ घालून तो सोडवण्याचा प्रयत्न म्हणजे स्क्रूचे डोके जाणारच, हे समजून चालावे. या दोनांपैकी क्रमांक २ हा हातोडीने ठोकता येणारा आहे: मागून ठोकले की टोक दाबले जाते आणि त्याच वेळी काही अंश फिरते. ठोका एकच, पण नेमका. ज्या झाकणाच्या स्क्रूंनी मला दीड तास रडवले होते, त्यातला उरलेला स्क्रू या ड्रायव्हरच्या दुसऱ्या ठोक्याला सुटला. त्यानंतर पेटीतील ४४ बिटांना मी हात लावलेला नाही. झाकण उघडण्यापूर्वी टाकीभोवती ओले फडके गुंडाळायला मात्र विसरू नये, कारण ब्रेक ऑइलचा थेंब रंगावर पडला तर तो रंग उचलतो.

अ‍ॅलन कीबद्दल थोडक्यात. लांब हाताच्या घ्याव्यात, एका टोकाला गोलसर डोके असलेल्या घ्याव्यात, आणि ते गोल डोके केवळ तिरक्या कोनातून पटपट फिरवण्यासाठी आहे हे लक्षात ठेवावे. घट्ट बसलेला बोल्ट सोडवताना किंवा अखेरचे आवळताना सरळ टोकच वापरावे. बोल्टच्या खाचेत माती साचलेली असेल तर की पूर्ण आत जात नाही, आणि अर्धवट बसलेली की म्हणजे गोल झालेली खाच ठरलेलीच. म्हणून माझ्या पेटीत आता एक जुनी दाढीची ब्लेड आणि एक टोकदार सुई कायमची आली आहे.

टॉर्क रेंच, म्हणजे मुठीवर ठरवलेला पीळ पडला की टिकटिक देणारा पाना, हा या सगळ्यातला महागडा आणि मतभेदांचा विषय. ‘हाताला कळते’ असे म्हणणारे मेकॅनिक मी पाहिले आहेत आणि त्यांच्या हाताला खरेच कळते. वीस वर्षे रोज तेच बोल्ट आवळल्यावर ते कळणारच. माझ्या हाताला कळत नाही, कारण माझा हात महिन्यातून एकदा पाना धरतो. ६ मिलिमीटरच्या बोल्टला साधारण १० न्यूटन मीटर पीळ पुरतो. हा पीळ किती, तर २५ सेंटीमीटर लांब पान्याच्या टोकाला ४ किलोचे वजन टांगल्यावर पडेल तेवढा. हे इतके कमी आहे की पहिल्यांदा रेंचने टिकटिक दिली तेव्हा मला रेंच बिघडला आहे असेच वाटले. त्याआधी सगळे छोटे बोल्ट मी दुप्पट आवळत होतो.

पण इथेही खरेदीत चूक झालीच. मी घेतलेला पहिला रेंच अर्ध्या इंचाचा, २८ ते २१० न्यूटन मीटरचा होता. एवढा मोठा पल्ला असल्यामुळे एकात सगळे होईल, असा माझा समज. इंजिनाच्या डाव्या झाकणाच्या बोल्टला १२ हवा होता. रेंचवरचा सर्वांत खालचा आकडा २८, म्हणून मी मूठ आणखी काही फेरे उलटी फिरवून १२ चा अंदाज धरला आणि टिकटिकीची वाट पाहत बोल्ट आवळत राहिलो. टिकटिक आलीच नाही. हाताला अचानक मऊ लागले, लोण्यात सुरी जावी तसे. बोल्ट उलटा फिरवला तर त्याच्या आट्यांत इंजिनाच्या केसिंगच्या अ‍ॅल्युमिनियमची पांढुरकी, स्प्रिंगसारखी गुंडाळी अडकून बाहेर आली. ते आटे पुन्हा पाडून आत तारेचे नवे आटे बसवून घेण्यासाठी गाडी तीन दिवस बाहेर ठेवावी लागली. दोष रेंचचा नव्हता. पल्ल्याच्या बाहेर त्याने काही दाखवावे ही अपेक्षाच चुकीची होती. आणि पल्ल्याच्या आतही अगदी खालच्या टोकाला टिकटिक इतकी मंद असते की ती हातातून निसटते.

म्हणून दोन रेंच हवेत: एक ५ ते २५ न्यूटन मीटरचा लहान आणि दुसरा साधारण २० ते ११० चा. मोटरसायकलवर घरी करण्याची जवळजवळ सर्व कामे या दोनांत येतात. ड्रेन बोल्ट बहुधा २० ते ३० च्या दरम्यान असतो आणि मागच्या अक्षाचा नट अनेक गाड्यांवर ६० ते १०० च्या दरम्यान. पण नेमका आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्यावा. एकच घेणे परवडणार असेल तर लहान घ्यावा, कारण मोठे बोल्ट माणूस सहसा तोडत नाही, लहानच तोडतो. चांगल्या रेंचबरोबर अचूकतेचे प्रमाणपत्र मिळते आणि त्यात सहसा अधिक-उणे ४ टक्के लिहिलेले असते. काम झाल्यावर रेंच सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवावा, नाहीतर आतली स्प्रिंग दाबलेली राहून आकडे हळूहळू खोटे पडतात. त्याने बोल्ट सोडवू नये. आणि मॅन्युअलने सांगितल्याशिवाय आट्यांना तेल किंवा ग्रीस लावू नये. बोल्ट आवळताना लावलेल्या पिळाचा सुमारे नव्वद टक्के भाग घर्षणातच खर्च होतो आणि बोल्ट ताणायला जेमतेम दहावा हिस्सा उरतो. तेलाने घर्षण घटले की तोच आकडा बोल्टला कितीतरी जास्त ताणतो.

स्पार्क प्लगचा पाना गाडीबरोबर मिळतो आणि तो चालतो. वेगळा घ्यायचा असेल तर प्लगचे माप पाहून घ्यावा: १० मिलिमीटर आट्यांच्या प्लगला १६ ची गोटी लागते, १२ मिलिमीटरच्या प्लगला १८ ची आणि १४ मिलिमीटरच्या प्लगला सुमारे २१ ची. आत रबराची कडी किंवा चुंबक असलेली गोटी घ्यावी, म्हणजे खोलगट जागेतून प्लग वर काढताना तो निसटून पडत नाही. प्लग बसवताना मात्र सुरुवातीचे फेरे बोटांनीच फिरवावेत. आटे तिरके लागले तर बोटांना लगेच कळते, रॅचेटला कधीच कळत नाही. प्लगची फट आणि व्हॉल्व्हची ढिलाई मोजायला फीलर गेज लागते. पातळ पत्र्यांची ही जुडी स्वस्त असते, पण तिच्यात ०.०५ मिलिमीटरपासूनचे पत्रे आहेत का, ते बघून घ्यावे. माझ्या पेटीतल्या जुडीत सर्वांत पातळ पत्रा ०.१० चा होता आणि माझ्या गाडीच्या इनटेक व्हॉल्व्हला ०.०८ हवा आहे. वापरून झाल्यावर पत्रे तेलाचा हात फिरवून ठेवावेत. गंजलेला पत्रा खोटे माप देतो.

मागचे चाक उचलून धरणारा पॅडॉक स्टँड ही चैन आहे असे मला वाटत असे. ज्या गाडीला मधला स्टँड आहे तिला त्याची गरजही नाही. माझ्या गाडीला तो नाही, आणि स्टँड आल्यानंतर चेनची निगा दुपटीने चांगली होऊ लागली, कारण चाक हाताने फिरवत पुसता येते. चाक हातानेच फिरवावे, इंजिन चालू करून गिअरमध्ये चाक फिरवत चेन पुसण्याच्या नादात बोटे गमावलेली माणसे आहेत. ओ रिंगच्या चेनला रॉकेल आणि मऊ ब्रश पुरतो. पेट्रोल आणि तारेचा ब्रश दोन्ही त्या रबरी कड्यांचे शत्रू. चेनची ढिलाई मोजायला कोणतेही खास हत्यार लागत नाही, साधी पट्टी खालच्या पदराच्या मध्यावर धरली की झाले. चेनला क्लिपची कडी असेल तर क्लिपचे बंद तोंड चेनच्या जाण्याच्या दिशेला ठेवावे, एवढे मात्र पक्के ध्यानात असू द्यावे.

हवेचा गेज आणि मल्टिमीटर या दोन वस्तू अशा पेट्यांत सहसा नसतातच, आणि या दोनच वस्तू मी सर्वांत जास्त वेळा वापरतो. गेज टायर थंड असताना लावावा. डिजिटल असो वा काट्याचा, दोन्ही चालतात. माझ्याकडे काट्याचा आहे, कारण त्याची बॅटरी संपत नाही. मल्टिमीटर अगदी साधा घेतला तरी चालतो. उभ्या गाडीच्या भरलेल्या बॅटरीवर १२.६ ते १२.८ व्होल्ट दिसायला हवेत, आणि इंजिनाचा वेग थोडा वाढवल्यावर साधारण १३.५ ते १४.५. स्टार्टर दाबताना आकडा दहाच्या खाली कोसळत असेल तर बॅटरी थकली आहे असे धरावे. गेल्या पावसाळ्यात माझी गाडी सकाळी उठेनाशी झाली तेव्हा मी नवी बॅटरी घ्यायला निघालो होतो. मीटरने मात्र इंजिन चालू असताना १२.३ दाखवले, म्हणजे दोष चार्जिंगचा होता. रेक्टिफायरच्या (इंजिनाकडून येणारी वीज बॅटरीजोगी करून देणाऱ्या भागाच्या) जोडणीत हिरवी बुरशी धरली होती. सॅन्डपेपरचा एक तुकडा आणि दहा मिनिटे एवढ्यावर काम भागले.

पकडींविषयी मत स्पष्ट आहे. नटावर पकड चालवू नये आणि सरकत्या जबड्याचा साधा पाना तर पेटीत ठेवूच नये, कारण त्याचा जबडा जोर लागला की सैलावतो आणि मग नट सोलतो. याला अपवाद म्हणजे समांतर जबड्यांची पकड. क्निपेक्स या जर्मन कंपनीची अशी पकड माझ्याकडे आहे. तिचे गुळगुळीत जबडे एकमेकांना समांतर राहूनच मिटतात, त्यामुळे आरशाच्या लॉक नटासारख्या दिसणाऱ्या जागी ती ओरखडा न उमटवता धरते. तिला मी गरजेच्या यादीत टाकणार नाही. नाकाड्या पकडीला मात्र टाकीन.

उरलेल्या चार वस्तू पटकन सांगतो: प्लॅस्टिकच्या डोक्याचा हातोडा, जुने ऑइल धरायला रुंद तोंडाचे भांडे, डोक्याला लावायचा दिवा आणि ड्रेन बोल्टच्या वॉशरची पुडी. वॉशर मऊ धातूचा असतो आणि चेपून बसल्यावरच गळती रोखतो, म्हणून जुना पुन्हा घालू नये. ऑइलचे भांडे आपल्या गाडीत मावते त्यापेक्षा निदान एका लिटरने मोठे असावे. पहिली धार भांड्याच्या पलीकडे जाते. काढलेले ऑइल डब्यात भरून जुने ऑइल गोळा करणाऱ्याकडे द्यावे, गटारात ओतू नये.

आज कोणी मला नवख्यासाठी यादी करायला सांगितली, तर मी तिच्यात आधी सहा कोनांच्या ३/८ च्या गोट्या लिहीन, वहीतल्या मापांच्याच. मग ७२ दात्यांचा रॅचेट आणि एक लांब एक्स्टेंशन, त्याच मापांचे कॉम्बिनेशन पाने, क्रमांक २ आणि ३ चे जपानी मापाचे ड्रायव्हर, लहान टॉर्क रेंच, हवेचा गेज. मल्टिमीटर त्यानंतर, आणि स्टँड पहिल्या वर्षाच्या शेवटी. क्रोम व्हॅनेडियम स्टील हे शब्द हल्ली प्रत्येक पान्यावर कोरलेले असतात, त्यावर फार विसंबू नये. पाना बोल्टवर ठेवून डावीकडे-उजवीकडे हलवावा आणि जो कमी डुगडुगतो तो घ्यावा. मोठी पेटी घ्यायचीच असेल तर तिच्यातील मापे वहीशी ताडून पाहावीत आणि बिट वजा करून नग मोजावेत.

माझी पेटी मी टाकून दिलेली नाही. इंची गोट्या एका शेजाऱ्याला दिल्या, त्याच्याकडे जुने इंग्रजी बनावटीचे गवत कापायचे यंत्र आहे. त्यांच्या रिकाम्या खाचांत आता वॉशर, क्लिपा आणि सुटे बोल्ट ठेवतो. १० ची गोटी मात्र तिच्या खाचेत आजही नाही. पहिली हरवली, दुसरी आणली, ती हरवली, आणि दोन महिन्यांनी ऑइल बदलताना पहिली इंजिनाखालच्या गार्डमध्ये चिखलात रुतलेली सापडली. तेव्हापासून १० च्या तीन गोट्या घेऊन ठेवल्या आहेत.